बाबांची खिडकी बंद होती

मोडक्या वस्तूंवर माझं पोट चालतं. तैपेईजवळ सानचोंगला गल्लीच्या तोंडाशी माझं दुकान आहे. भाताचे कुकर, पंखे, केस वाळवायची यंत्रं, जे येईल ते उघडते, नीट करते आणि परत देते. तीस वर्षं झाली या धंद्याला. त्यामुळे मोडलेली वस्तू ‘चालतंय की’ म्हणून तशीच रेटणारं कुणी दिसलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. आणि त्या दिवशी मला नेमकं तसल्याच विमानात बसवलं, तेही बाबांना घेऊन.

बाबा म्हणजे पिवळ्या कापडात बांधलेला त्यांचा अस्थिकलश आणि त्यावर नावाची लाकडी पाटी, वंग चिंग-थान. मूळचे किनमेन बेटावरचे. सोळा वर्षांचे असताना बेटावर तोफगोळे पडत होते म्हणून शाळेतल्या पोरांना बोटीत घालून तैवानला आणलं, त्यात हेही आले. इथेच छापखान्यात लागले, इथेच लग्न केलं आणि ऐंशी पार करून इथेच गेले. जाताना मागणं एकच केलं, मला किनमेनला माझ्या आईच्या शेजारी ठेवा. मी एकुलती एक, तेव्हा ही कामगिरी दुसऱ्या कुणावर ढकलायची सोय नव्हती.

निघायच्या आदल्या दिवशी पुरोहितांनी मला समोर बसवून बजावलं. मेलेल्या माणसाला रस्ता दिसत नाही, तो फक्त आपल्या माणसाच्या आवाजामागे चालतो. म्हणून दर टप्प्याला मोठ्यानं सांगायचं. दार आलं, जिना आला, पूल आला, समुद्र आला. सांगायचं राहिलं तर तो तिथेच उभा राहतो. चुकीचं सांगितलं तर चुकीच्या जागी उतरतो आणि मग कितीही हाका मारा, सापडणं अवघड. मी म्हटलं, मी कशाला चुकीचं सांगेन? शहाणपणा नडतो तो असा.

सकाळी सगळं रीतसर झालं. टॅक्सी पुलावर चढायच्या आधी मी सांगितलं, बाबा, पूल आला, सांभाळून. टॅक्सीवाला पण भला माणूस. त्यानं गाडी हळू केली, दोनदा हॉर्न दिला आणि स्वतःच म्हणाला, “काका, नदी लागली बरं का.” सोंगशान विमानतळाचं दार, सरकता जिना, तपासणीचं यंत्र, मी एकही टप्पा चुकवला नाही. तपासणीवाल्यांनी माझ्या पर्समधला छोटा स्क्रू ड्रायव्हर काढून घेतला तेवढाच काय तो अपशकुन.

विमान छोटं होतं, पंख्यांचं, दोन्हीकडे दोन-दोन खुर्च्या. मी दोन तिकिटं काढली होती, बाबांना खिडकी आणि मला शेजारची. खिडकी मुद्दाम मागून घेतली होती, कारण समुद्र कधी लागला आणि कधी संपला हे बघितल्याशिवाय मी सांगणार कशी? कलशाला पट्टा बांधला, पाटी सरळ केली आणि खिडकीचा पडदा वर करायला गेले तर तो हलेना. त्यावर पिवळी चिकटपट्टी होती. पट्टीवर लिहिलेलं होतं, ‘बंद’.

मग मी नीट बघायला लागले. बाबांच्या डोक्यावरचा दिवा चालू होता आणि बटण दाबून बंद होत नव्हता. त्याच्या बटणावर पिवळी पट्टी. हवेच्या भोकावर पट्टी. माझ्या समोरचं जेवणाचं फळकुट पट्टीनं चिकटवून टाकलेलं. मदतीला बोलवायचं बटण दाबायला गेले, तर त्यावरही पट्टी. पट्ट्यांचं दुकानच काढलं होतं.

हवाई सुंदरी आली. विशीतली मुलगी, छातीवरच्या पाटीवर चिएन असं नाव. ती मला मावशी म्हणाली. मी त्रेपन्न वर्षांची आहे, तेव्हा म्हटलं आधी ताई म्हण, मग पुढचं बोल. तिनं न हसता ताई म्हटलं आणि सांगितलं की आमच्या चार रांगांचे स्पीकरही बंद आहेत, त्यामुळे प्रत्येक सूचना ती स्वतः येऊन तोंडी सांगेल.

मी तिला बाबांचं सांगितलं. तिनं कलशाला आधी वाकून नमस्कार केला आणि मग कुणी खिडकी बदलून देतं का ते विचारत पुढे गेली. कबरी झाडायच्या सणाचे दिवस, विमान खच्चून भरलेलं, आणि सगळेच आपापल्या पितरांकडे निघालेले. पण दुसऱ्याचे पितर बसून गेलेल्या खुर्चीत कोण बसणार? ती विचारायला आली की जो तो आपले बूट बघायला लागायचा.

ती रिकाम्या हातानं परत आल्यावर मी केसातली पिन काढली. पडद्याच्या खाचेतली स्प्रिंग सुटली होती, मला बाहेरून दिसत होती. दोन मिनिटांचं काम. पण मिस चिएननं पट्टीवर हात ठेवला.

“नाही ताई. एकदा बिघाड वहीत लिहिला की त्या वस्तूला मी हात लावू शकत नाही आणि वैमानिकही लावू शकत नाहीत. फक्त इंजिनिअर.”

“मग इंजिनिअर कुठाय?”

“दहा दिवसांच्या आत करतील. एवढ्या गोष्टी बंद असल्या तरी विमान उडायला हरकत नसते. पूर्ण सुरक्षित आहे.”

माझं डोकं सणकलं. मी म्हटलं, मी उद्या गिऱ्हाइकाला कुकर परत देताना त्यावर पट्टी लावते, झाकण बंद, दिवा बंद, शिट्टी बंद, पण भात शिजायला हरकत नाही. गिऱ्हाईक मला ओवाळेल का? पुढच्या रांगेतला एक माणूस हसला. मिस चिएन हसली नाही, पुन्हा वाकली आणि म्हणाली की समुद्र लागला की ती येऊन सांगेल, किनमेनचा किनारा दिसला की सांगेल, माझं काही चुकणार नाही. तिच्यावर चिडावं तर ती इतकी नम्र की राग ठेवायला जागाच मिळेना, आणि मला चिडल्याशिवाय करमेना.

पलीकडच्या खिडकीत गुडघ्याचं ऑपरेशन करून घरी निघालेल्या एक किनमेनच्या मावशी होत्या. त्या म्हणाल्या, “इतकी कशाला तडतडतेस? तासाभराचा तर प्रवास. माझा पाय असा नसता तर मीच उठले असते.” एवढं बोलून त्यांनी मान टाकली आणि घोरायला लागल्या.

विमान उडालं. मी सांगितलं, बाबा, जमीन सुटली. थोड्या वेळानं मिस चिएन शब्दाप्रमाणे आली आणि हळूच म्हणाली, आता समुद्र. मी मोठ्यानं सांगितलं, बाबा, समुद्र आला, घट्ट धरून बसा. मग करायला काही उरलं नाही. तो दिवा बाबांच्या पाटीवर आणि माझ्या डोळ्यांवर लख्ख पडला होता. मी हात जोडले, डोळे मिटले आणि बाबांशी बोलत बसले.

काय बोलले? शेवटच्या चार महिन्यांत ते एकच प्रश्न दिवसातून दहादा विचारायचे, आज हवा कशी आहे? मी दुकानात गुंतलेली असायचे, ओरडायचे, खिडकी आहे ना तुमच्याजवळ, बघा की. त्याची माफी मागितली. त्यांना सांगितलं की माणसाच्या दुरुस्तीत माझा हात बसला नाही, वस्तूंच्या बसला. सांगताना लाज वाटली, पण सांगितलं. मध्ये विमान बराच वेळ गोल फिरल्यासारखं वाटलं. धुकं असेल, म्हणून घिरट्या घालत असतील असं समजले आणि डोळे उघडले नाहीत. माझ्या हातात घड्याळ नसतं, विजेचं काम करताना नको म्हणून. फोन वरच्या कप्प्यात. किती वेळ गेला ते कळलं नाही.

चाकं टेकल्याचा धक्का बसला तेव्हा डोळे उघडले. पलीकडच्या खिडकीत ओली राखाडी धावपट्टी पळत होती. स्पीकर आमच्या डोक्यावर मुका. मी उठले, कलशाचा पट्टा सोडला, छातीशी धरला आणि खणखणीत आवाजात सांगितलं, “बाबा, किनमेन आलं. उतरा.” आजूबाजूच्या दोघातिघांनी माझ्याकडे चमत्कारिक नजरेनं बघितलं. मला वाटलं, शहरातली माणसं, त्यांना रीत माहीत नसेल.

जिना उतरताना सांगितलं, बाबा, जिना आला, खाली तुमच्या गावची माती आहे. बसमध्ये चढताना सांगितलं, बस आली, ही थेट घराकडे नेणार. खिडकीतून भुरभुर पाऊस दिसला तेव्हा मी म्हटलं, बाबा, किती वर्षांनी तुमच्या गावचा पाऊस अंगावर घेताय.

शेजारी काठीवर रेललेल्या त्या मावशी माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “अगं बाई, कुठलं किनमेन? धुक्यामुळे उतरूच दिलं नाही. परत आलोय आपण. हे सोंगशान.” आणि जरा ओशाळून पुढे म्हणाल्या, “त्या पोरीनं मला सांगून ठेवलं होतं, हिचं बोलणं झालं की हिला सांगा म्हणून. माझा पुन्हा डोळा लागला गं.”

मी बसच्या खिडकीतून बघितलं. सकाळी जिथून निघाले तीच इमारत.

एक नाही, चार खोट्या गोष्टी मी बाबांना सांगितल्या होत्या. किनमेन आलं, गावची माती, घराकडे जाणारी बस, गावचा पाऊस. आणि सगळं मोठ्यानं, नीट उच्चारून. बाबा माझ्या आवाजामागे उतरले असणार आणि आता तैपेईत उभं राहून आपलं घर शोधत असणार.

आत गेल्यावर काउंटरवरचा तरुण म्हणाला, धुकं फिटलं की पुढचं विमान, खात्री देता येत नाही. मी त्याला विचारलं, माझ्या वडिलांना मी चुकीच्या ठिकाणी उतरवलंय त्याचं काय. त्यानं मला खाण्याचं कुपन दिलं.

मी कलश मांडीवर घेऊन धुमसत असताना मिस चिएन आपली चाकांची पिशवी ओढत तिथून निघाली. मला बघून थांबली. मी सगळं तोंडात तयार ठेवलं होतं, पट्ट्या, स्प्रिंग, स्पीकर, दहा दिवस. मी एवढंच विचारलं, मला हलवलं का नाहीस?

“ताई, तुम्ही त्यांच्याशी बोलत होता,” ती म्हणाली. “मी तीनदा आले. तुमचे डोळे मिटलेले, हात जोडलेले. त्यांच्याशी बोलताना मध्ये कसं बोलायचं?”

तिच्या जागी मी असते तर मीही बोलले नसते. कुणीच बोललं नसतं. ती खाली वाकली ती बराच वेळ उठलीच नाही, आणि शेवटी मलाच म्हणावं लागलं, जा गं बाई, जेवून घे.

मग मी दोन नाणी काढली. एक छापा आणि एक काटा पडला तर बाबांचं हो, दोन्ही सारखी पडली तर नाही. कलश खुर्चीवर ठेवला, गुडघ्यावर बसले आणि विचारलं, बाबा, तुम्ही माझ्याबरोबर आहात ना? दोन छापे. माफी मागितली, सगळं नीट समजावून सांगितलं, पुन्हा विचारलं. दोन काटे. तिसऱ्यांदा एक नाणं गुळगुळीत फरशीवरून घरंगळत एका बॅगेखाली गेलं. त्या बॅगेचा मालक उठला, त्यानं बॅग अलगद उचलली आणि नाण्याला हात न लावता मला बघायला दिलं. पुन्हा दोन काटे.

आता काकांना फोन करणं भाग होतं. काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, सकाळपासून किनमेनच्या विमानतळावर येऊन बसलेले. घराण्याच्या देवघरात बाबांची पाटी ठेवायचा मुहूर्त दुपारी एकचा होता. तो टळला होता. मी सगळं सांगितलं, चारही खोट्या गोष्टी आणि तिन्ही नकार. म्हटलं, काका, मी बाबांना हरवलं. बोलता बोलता मला हुंदका आला आणि त्याचाही राग आला.

काका म्हणाले, “कुठे आहेस तू? सोंगशानलाच?”

“हो.”

“मग हरवला कुठे? ती जागा त्याला पाठ आहे.” त्यांचा आवाज शांत होता. “चौऱ्याण्णव साली आई गेली तेव्हा तो तिथे तीन दिवस बसला होता. असंच धुकं. एकदा विमान वरपर्यंत येऊन परत गेलं. धुकं फिटेल आणि आपण नसू म्हणून तो घरी पण गेला नाही. दर तासाला मला फोन करायचा, हवा कशी आहे?”

मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. बाबा आजीच्या अंत्यविधीला गेले, पाच दिवसांनी आले, काही बोलले नाहीत. आम्हाला वाटलं, झालं सगळं नीट.

“चौथ्या दिवशी पोचला,” काका म्हणाले. “तोवर मूठमाती देऊन झाली होती. थांबवता येईना आम्हाला. कबरीच्या अलीकडेच उभा राहिला आणि तिथूनच परत फिरला. मला म्हणाला, तिला काय तोंड दाखवू? नंतर कितीदा बोलावलं, कबर झाडायला ये, सणाला ये. आला नाही.”

चार महिने मी ज्या प्रश्नावर खेकसत होते तो मला फोनच्या त्या टोकाकडून ऐकू आला होता. मी मुहूर्ताचं विचारलं.

“मुहूर्त गेला खड्ड्यात. दुसरा काढू. तू त्याला नीट विचार, उगाच माझ्याबरोबर आहात का म्हणून काय विचारतेस? तो कशाला तुझ्याबरोबर असेल, तो त्याच्या कामात असेल.”

मी पुन्हा गुडघ्यावर बसले. या वेळी विचारलं, बाबा, तुम्ही इथे बसून धुकं फिटायची वाट बघताय का? एक छापा, एक काटा. खात्री म्हणून पुन्हा टाकली. एक छापा, एक काटा. मी तशीच फरशीवर बसून रडले, आणि कुणी माझ्याकडे बघितलं नाही, हे त्यांचे उपकार.

त्यानंतर मी घरी जाऊन आंघोळ करून येऊ शकले असते. सानचोंग काही लांब नाही. गेले नाही. शेजारची खुर्ची रिकामी ठेवली आणि दर तासाला काकांना फोन करून हवा विचारली. काकाही दर वेळी उठून बाहेर जाऊन बघून यायचे आणि सांगायचे, समोरचं झाड दिसत नाही. मग, अर्धं दिसतंय. साडेतीनला म्हणाले, झाड दिसलं.

सव्वाचारला विमान निघालं, दुसरं होतं. पट्टी एकसुद्धा नाही. पडदा बोटानं वर जात होता, दिवा बंद होत होता, स्पीकरमधला आवाज स्वच्छ. सगळं धडधाकट आणि माझा मात्र कशावरही विश्वास बसेना. निघताना म्हटलं, बाबा, चला, विमान सुटतंय. समुद्र आला ते सांगितलं. खिडकीतून बेट दिसलं, लाल कौलांची गावं आणि चिखलाचा किनारा दिसला, स्पीकरमधून बाई दोन भाषांत किनमेन म्हणाली, तरी मी तोंड उघडलं नाही. एका दिवसात चार खोट्या गोष्टी पुरेत. जिना आला, गप्प राहिले. दार आलं, गप्प राहिले. शेजारून एकानं विचारलं, सांगत का नाही त्यांना? मी मान हलवली.

बाहेरच्या दाराशी काका उभे होते, हातात कलशावर धरायची काळी छत्री. सकाळी नऊपासून आलेले, तरी शर्ट नीट खोचलेला. मला काही विचारलं नाही. छत्री उघडून माझ्या हातात दिली आणि माझ्याकडून कलश घेतला. म्हाताऱ्या हातांना तो जड होता, पण मला धरू दिला नाही. पाटीजवळ तोंड नेऊन त्यांच्या गावच्या बोलीत, कानात सांगावं तसं बोलले.

“दादा, उतर. आलं किनमेन. आई काही बोलायची नाही तुला.”

मग ते चालायला लागले, आणि मी वर छत्री धरून मागून. दोन पायऱ्या आल्या तेव्हा थांबले आणि म्हणाले, दादा, पायरी आहे.